आबाशेटांच्या भिंती

घरांचे किस्से जळमटांसारखे असतात. एक काढायला काठी वर न्यावी, तर चार चिकटून खाली येतात! शास्त्रीबुवा, गोविंदराव आणि मी, असे कल्याणच्या शाळेतले तीन मास्तर आबाशेटांच्या चाळीत शेजारी-शेजारी राहत होतो, तेव्हाचे हे किस्से. एवढ्याशा गोष्टीत लोकांना काय गोडी, अशी शंका लिहितानाही येते आहे. पण आम्ही तिघे म्हातारे भेटलो की अजून हेच बोलतो, म्हणून लिहितो.

आबाशेट आमचे घरमालक. बंदरावर त्यांचा भाताचा व्यापार होता. आसपासची घरं कुडाची. आबाशेटांनी मात्र चाळीच्या भिंती घोटीव चुन्यानं काचेसारख्या गुळगुळीत करून घेतल्या होत्या. घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा ते भिंतीवरून हात फिरवत. अट एकच:

"मास्तर, भाडं मागेपुढे झालं तर चालेल. भिंतीला खिळा मारलेला चालणार नाही!"

*

शास्त्रीबुवा संस्कृत शिकवायचे. त्यांनी मुंबईहून सरस्वतीची मोठी तसबीर आणली. खिळा तर बंद! मग त्यांनी ती वाशाला दोरी बांधून अधांतरी सोडली.

वारा आला की देवी गरकन फिरायची. एकदा एका विद्यार्थ्यानं आत येऊन डोळे मिटून नमस्कार केला. डोळे उघडून बघतो तर समोर तसबिरीची मागची फळी!

तो गोंधळला. शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले, "थांब जरा. येतीलच फिरून."

*

माझं बी.ए.चं सर्टिफिकेट मी चौकट करून घेतलं होतं. चाळीत बी.ए. मी एकटाच. ते लावावं की लावू नये, यावर माझा बराच विचार झाला. लावलं तर मिरवणं दिसेल, न लावलं तर एवढं शिकून काय केलं असं वाटेल. शेवटी टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलं.

मग ते तिरकं झालंय का, हा घोर लागला. शाळेतून आलो की आधी तिकडे बघायचो.

एकदा आमची मंडळी म्हणाली, "अहो, पदवी सरळच आहे. बघून बघून तुमची मान तिरकी व्हायला लागली!"

*

आबाशेटांच्या स्वतःच्या दिवाणखान्यात मोठं झुंबर होतं. त्यावर कायम पांढऱ्या फडक्याची खोळ. धूळ बसू नये म्हणून!

मी विचारलं, "आबाशेट, मग तुम्ही ते बघता कधी?"

"बघायचं कशाला मास्तर? आहे हे ठाऊक आहे ना!"

मी घरी येऊन यावर पुष्कळ विचार केला. अजूनही ते चुकत होते असं मला खात्रीनं सांगता येत नाही.

*

गोविंदराव गणित शिकवायचे. त्यांची बायको राधाबाई तापानं अंथरुणाला खिळली. ताप उतरला, पण बाई उठेना, जेवेना. तोंड सदा भिंतीकडे.

"नुसतं पांढरं पांढरं दिसतं हो," ती म्हणाली. "वाटतं, मी गेलेच आहे!"

गोविंदरावांनी आणि मी बाज उचलून दाराकडे तोंड करून ठेवली. समोर अंगण, तुळस, पलीकडे तळं. आम्ही घाम पुसतोय तेवढ्यात बाई ओरडली, "अहो, शेळी! तुळस खातेय मेली!"

आणि काठी घेऊन आमच्या आधी अंगणात पोचली.

*

गोविंदरावांचे वडील तात्या राजापूरकडे गावी राहत. आई गेल्यावर ते एकटे पडले. नजर अधू, हातानं भात शिजवायचे. गोविंदरावांनी किती विनवण्या केल्या, तेव्हा कुठे ते आगबोटीनं मुंबईला आणि तिथून आगगाडीनं कल्याणला आले. आता कायमचं इथंच राहावं, एवढीच मुलाची इच्छा.

तात्यांनी आत येऊन पगडी काढली. चारी भिंतींवरून हात फिरवला आणि विचारलं, "गोविंदा, खुंटी कुठाय?"

खुंटी नव्हतीच!

"तात्या, पेटीवर ठेवा."

"पेटीवर मांजर बसलंय."

"मग दोरीवर?"

"दोरीवर धोतरं वाळतात."

मी सुचवलं, "कोनाड्यात ठेवली तर?"

"दिव्याच्या? पगडी पेटवायची आहे का मास्तर?"

राधाबाईनं खाली स्वच्छ पाट मांडला. तात्या म्हणाले, "पोरी, पगडी खाली ठेवतात ती शरण जाताना. मी मुलाकडे आलोय, शरण नाही आलो. पगडीला जागा नाही तिथं मला कसली? उद्याच्या गाडीनं जातो."

आणि पगडी मांडीवर घेऊन बसून राहिले. गोविंदरावांचा चेहरा बघवेना. मी तडक आबाशेटांकडे गेलो. खुंटीची गोष्ट काढायची म्हणून गेलो, आणि भिंतींची तारीफ करून परत आलो!

संध्याकाळी आबाशेट आपणहून पाहुण्यांना भेटायला आले. गोविंदराव म्हणाले, "उकडतंय, पगडी काढा, मोकळे बसा."

आबाशेटांनी पगडी काढली. सवयीनं हात भिंतीकडे गेला आणि तिथंच थांबला. मग तेही पगडी मांडीवर घेऊन तात्यांसमोर बसले. दोघं भाताच्या जातींवर, गलबतांवर, गेलेल्या बायकांवर बोलत राहिले. मांडी मात्र दोघांनाही हलवता येत नव्हती.

सकाळी तात्यांची वळकटी दारात तयार. गोविंदराव गाडी बघायला निघाले, तोच समोरून आबाशेट सुताराला घेऊन हजर! सुतारानं भिंतीवर खूण केली. आबाशेटांनी डोळे घट्ट मिटले.

"मार!"

खुंटी बसली. सुतार हत्यारं आवरू लागला.

"अजून एक," आबाशेट डोळे मिटूनच म्हणाले.

"आणखी कुणाला, शेट?"

"मग मी रोज इथं यायचं ते काय पगडी मांडीवर घेऊन?"

तात्यांनी वळकटी पायानं आत ढकलली आणि सुताराला म्हणाले, "दोन्हींत हातभर अंतर ठेव रे. पगड्या एकमेकींना घासतात!"