कोपऱ्यातला कापूस

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. आई गेली, बाबा गेले, त्यांनाही नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय, तर आधी शेताचंच सांगतो — म्हणजे माझ्यावर यायला तेवढाच उशीर.

आम्ही ज्यू. धरणगावाकडच्या आमच्या गावात हे कुणाला धड कळायचं नाही. कुणी आम्हाला ख्रिश्चन समजे, कुणी मुसलमान. बाबा रेल्वेतून निवृत्त झाले आणि कोकणातल्या आमच्या माणसांना सोडून इथेच थोडी काळी जमीन घेऊन राहिले. शुक्रवारी संध्याकाळी घरात दिवा लागायचा, शनिवारी शेतात कुणी पाऊल टाकायचं नाही. आणि कापसाच्या वेचणीत ओढ्याकडचा एक कोपरा तसाच सोडायचा. बोंडं फुटून पांढरी झाली तरी हात लावायचा नाही.

तो कोपरा ज्याला गरज असेल त्याचा. दान म्हणून नव्हे हं — बाबा त्या शब्दावर चिडायचे. आमच्याकडे त्याला ‘त्सदाका’ म्हणतात, आणि त्या शब्दाच्या पोटात दया नाही, न्याय आहे. ते म्हणायचे, "कोपरा आपला नाहीच, तर आपण देणार कुठून?" वेचणाऱ्याने विचारायचं नाही, आपण तिथे उभं राहायचं नाही. बघत उभं राहिलं की घेणाऱ्याची मान खाली जाते.

हे सगळं मला पाठ होतं. म्हणून तर...

दरवर्षी इंदूअक्का यायची. नवरा गेलेली, गावाच्या कडेला बौद्धवस्तीत राहणारी. आमच्याकडे वेचणीलाही तीच असायची. हंगाम संपला की कोपऱ्यातला कापूस वेचायची, गाठोडं डोक्यावर घ्यायची आणि आमच्या दारावरून सरळ निघून जायची. ना राम राम, ना आभार. बाबांना त्याचाच आनंद वाटायचा. मला? मला ते खुपायचं. मी धुळ्याला कॉलेजात शिकलेला, आणि ही बाई आमचा कापूस नेते नि माझ्याकडे मान वर करून बघतही नाही! एवढीशी गोष्ट. पण ती मी किती वर्षं मनात धरून होतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या हिवाळ्यात बाबा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेले आणि शेत माझ्या हातात आलं. मी दोन-तीन बायकांना बोलता बोलता सांगून टाकलं — कोपरा वेचायचा तर आधी घरी येऊन मला विचारा. त्या आल्या, पदर सावरून उभ्या राहिल्या, मी मोठ्या मनाने ‘वेचा’ म्हणालो. काय बरं वाटलं मला, सांगू!

अक्का आली नाही.

एका संध्याकाळी गावातल्या चक्कीसमोर गर्दी दिसली म्हणून मी थांबलो. शेजारच्या शेतातल्या नानांनी तिला गाठोड्यासकट अडवलं होतं. त्यांना वाटलं, आपण याचं भलंच करतोय.

"भाऊ, हाऊ कापूस तू दिधा का हिले?"

अक्का घाबरलेली नव्हती. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "हाऊ कोपरा आमना शे. बाबास्नी सांगेल शे. भाऊ, तू सांग ना."

सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. एक शब्द पुरला असता. आणि मी काय केलं? मी म्हणालो — "नाही. मी दिला नाही."

नानांनी तिच्या डोक्यावरचं गाठोडं ओढलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते घेतलं. तिची मान खाली गेली, ती मी पाहिली — आणि मला बरं वाटलं. हो, त्या क्षणी बरं वाटलं. ते लपवलं तर हे सांगण्यात काय अर्थ?

त्यानंतर तिला कुणी वेचणीला बोलावलं नाही. ती लेकीकडे शिरपूरला निघून गेली. बाबा परतल्यावर त्यांनी विचारलं, इंदू दिसत नाही? मी म्हणालो, गेली लेकीकडे.

पुढच्या वर्षीही बाबांनी कोपरा सोडला. कुणी आलं नाही. चोर ठरायची हौस कुणाला असते? कापूस झाडावरच काळा पडला. तरी बाबा दरवर्षी सोडत राहिले. "आपल्या हातून कुणाचा अपमान झाला का रे?" असं त्यांनी मला एकदा नाही, कितीदा विचारलं. मी नाही म्हणत राहिलो. प्रायश्चित्ताच्या उपासाला त्यांच्याशेजारी बसायचो तेव्हा ते आठवण द्यायचे — माणसाविरुद्ध केलेला अपराध देव माफ करत नाही, त्या माणसाकडेच जावं लागतं. शिरपूरची एसटी रोज आमच्या फाट्यावर थांबायची. मी गेलो नाही. पुढे तिच्या मातीलाही गेलो नाही.

ते गाठोडं माळ्यावर पडून होतं. आईने एकदा पिंजाऱ्याला देऊन त्याची उशी करून घेतली, बाबांसाठी. बाबांना ती फार आवडायची. शेवटच्या आजारात त्यांनी डोक्याखाली दुसरं काही घेतलं नाही. घरचा कापूस आहे, म्हणायचे.

मी तिथेच बसलेलो असायचो. उशी नीट करून द्यायचो.