लॅपटॉपवर ओलं पोतं

पार्बताबाईचा सगळा जीव फुलांत. मूर्तिजापुराबाहेरच्या मळ्यात झेंडू नि निशिगंध लावायचा, पहाटे तोडायचा आणि ऊन चढायच्या आत ओल्या पोत्याखाली झाकायचा, हा तिचा आयुष्यभराचा नेम. वऱ्हाडातलं ऊन म्हणजे काय खेळ आहे का!

अशाच एका वैशाखाच्या दुपारी सुनेचा लॅपटॉप बाजेवर उघडा पडलेला तिला दिसला. हात लावला तर नुसता तवा. बिचारं कोमेजून जाईल म्हणून माउलीने त्यावरही ओलं पोतं घातलं आणि समाधानाने पाणी द्यायला मळ्यात गेली.

सून रूपाली लग्नाचे स्टेज सजवायची. आजवर सजवलेल्या प्रत्येक स्टेजचे फोटो त्याच लॅपटॉपात, दुसरीकडे कुठंच नाहीत. अकोल्याचे किसनराव ते पाहून आपल्या मंगल कार्यालयाचं काम तिला देणार होते. आता लॅपटॉप चालू होईना, नुसता आतून टकटक करी. रूपाली भांडली असती तर बरं झालं असतं. तिने तर बोलणंच टाकलं. ‘हो’ आणि ‘नाही’ यावर घर चाललं होतं, आणि पार्बताबाईला घास गोड लागत नव्हता.

पुण्याच्या एका कंपनीने लॅपटॉपात अडकलेले फोटो बाहेर काढून द्यायचे एवढे पैसे सांगितले की त्यात नवा लॅपटॉप आला असता. तेव्हा पार्बताबाईने पदर खोचला.

“बिघडवलं म्या, तं नीटबी मीच करून आणीन.”

लॅपटॉप पिशवीत घालून ती गाडीने अमरावतीला गेली. तिथल्या योगेशचं दुरुस्तीचं दुकान तिला ठाऊक होतं. दसऱ्याचे हार त्याला तिच्याकडूनच जात.

“मावशी, भिजल्यावर चालू करून पायला का?” योगेशने विचारलं.

“पायला ना. आमी पायला, शेजारच्यायनं पायला, पाव्हण्यायनंबी पायला.”

“तितंच तं घोळ झाला.”

त्याने हार्ड डिस्क बाहेर काढली, गंजलेली टोकं पुसली, एका स्वस्तातल्या डबीत बसवून आपल्या कॉम्प्युटरला जोडली. डिस्क कुरकुरत फिरू लागली.

“चालून राहिली, पण तापली का अडते,” तो म्हणाला. “कधी जीव सोडीन, सांगता येत नाही. पयले काय काढू?”

पार्बताबाईने सुनेला फोन लावला. “पोरी, पयले कोणते काढू? तुह्या लग्नाचे फोटोबी यातच हायेत.”

पलीकडून रूपाली म्हणाली, “स्टेजचे काढा, आई.”

आई म्हणाली! पार्बताबाईच्या छातीवरचा धोंडा जरासा हलला. दुकानातल्या पंख्याचा वारा पुरेना, म्हणून एक पुठ्ठा घेऊन ती स्वतःच डिस्कला वारा घालत बसली.

“मावशी, पाणी नका शिंपडू बरं,” योगेश म्हणाला.

“मी काय येडी हाओ?”

डिस्क अडली की थांबायचं, थंड झाली की पुन्हा. स्टेजचे बहुतेक फोटो आले. काही मात्र खालून अर्धे करडे. लग्नाच्या फोटोंची पाळी येईतो डिस्कने मान टाकली. स्टेजचे फोटो पेन ड्राइव्हमध्ये घेऊन, तो पदराला बांधून बाई घरी आली.

रविवारी सासू-सून अकोल्याला गेल्या. किसनराव फोटो पाहत होते. पाहता पाहता एका अर्ध्या करड्या फोटोवर थबकले.

“वा! हा खालचा पडदा कायचा लावला? असं कोठीच पायलं नाही. लोकायले असंच नवं लागते.”

रूपाली गडबडली. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर काम जायचं. तेवढ्यात पार्बताबाई बोलली.

“तो पडदा नोय, भाऊ. तो माहा पराक्रम हाय.”

आणि तिने पोत्यापासून पुठ्ठ्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. किसनराव हसता हसता ठसकले.

“मंग आता काम कोणाले देऊ? सुनेले का सासूले?”

“दोघीलेबी द्या,” रूपाली म्हणाली. “आईच्या फुलांशिवाय माहं स्टेज उभंच राहत नाही.”

पार्बताबाईचे डोळे भरून आले. तिने ते पदराने पुसले, नाक ओढलं, आणि किसनरावांशी झेंडूच्या भावावरून भांडायला बसली.