थंड हाताचा माणूस

होडीत जिवंत मासळी टिकवायची असेल तर मडकं लागतं. प्लॅस्टिकचा ड्रम उन्हात तापतो, पत्र्याचा डबा त्याहून जास्त. मडकं पाझरतं म्हणून आत गारवा राहतो. तोंडाला ओलं गोणपाट बांधायचं. पाणी धरणाचंच घ्यायचं, नळाचं नाही, बोअरचं तर नाहीच. दर अर्ध्या तासानं निम्मं पाणी काढून निम्मं नवं घालायचं. सगळं एकदम बदललं तर मासळी बिचकते. कोरड्या हातानं धरायची नाही. एखादी मेलेली दिसली की लगेच बाहेर टाकायची, नाहीतर ती बाकीच्यांना सोबत घेऊन जाते.

हे सगळं मला वडिलांनी शिकवलं. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांनी शिकवलेलं वापरूनच मी त्यांना होडीतून उतरवलं.

आमचं गाव घोटीच्या पुढं, धरणाच्या फुगवट्यावर. होडी पत्र्याची, दोघांपुरती. मी वल्हवायचो आणि दोरी सोडायचो. लांब दोरीला हात-हात अंतरावर गळ, आणि प्रत्येक गळाला बोटाएवढी जिवंत मासळी. गळ पाठीच्या मांसातून घालायचा, मधला काटा चुकवून. काट्याला लागला तर ती मरते. चुकवला तर दिवसभर गळावर तडफडत राहते, आणि मरळीसारख्या मोठ्या शिकारी माशाला तेच हवं असतं. मेलेल्या मासळीकडे मरळ ढुंकूनही बघत नाही. मडकं सांभाळायचं आणि मासळी टोचून द्यायची, हे काम दादांचं.

आमच्याकडे म्हणतात, मासळी जगवायला हात थंड लागतो. ज्याचा हात तापला त्याच्या मडक्यात मासळी टिकत नाही. आणि तापलेला हात पुन्हा थंड होत नाही. दादांचा हात अख्ख्या काठावर थंड म्हणून माहीत होता. त्यापायी त्यांनी तंबाखू सोडली होती. होडीत पाय टाकण्याआधी काठावरची माती घेऊन ते कोपरापर्यंत हात घासायचे. साबण नाही, तेल नाही.

एका वर्षी शेजारच्या होडीवाल्याची मासळी दोनदा मेली. दादा काठावर सगळ्यांच्या देखत त्याला म्हणाले, "तुझा हात तापला रे बाबा. आता शेळ्या राख, त्या बुडत नाय." सगळे हसले, मीही हसलो. त्या माणसानं पुढच्या महिन्यात होडी विकली. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

माझं लग्न झालं, त्यानंतर दोन वर्षांनी मेहुणा आमच्याकडे आला. विंचूरला बाटल्या भरायच्या कामाला होता, तिथं त्याचं जमलं नाही. गडी दणकट. येताना नाशिकहून सेलवर चालणारी हवेची मोटर घेऊन आला, काचेच्या पेटीतल्या माशांना लावतात तसली. मडक्यात नळी सोडली की पाण्यात बुडबुडे.

दादांनी वाकून बघितलं. "काय रे, मासळीला दवाखान्यात टाकलंय का? सलाईन लावलंय?"

"बाबा, पाणी बदलायची कटकटच नाय याच्यात."

"आन् सेल संपल्यावर? तू फुंकणार?"

मेहुणा हसला. मी नाही हसलो. तो वल्ह्यावर आला असता तर आम्ही दुप्पट दोरी टाकू शकलो असतो. दादांचा हात थंड असेल, पण सत्तरीकडे झुकलेला होता. एकेक मासळी टोचायला ते इतका वेळ लावायचे की दोरी हातात धरून माझी बोटं आखडायची. आणि ते बोलायचे. सबंध वेळ बोलायचे. माझी गाठ कशी चुकली, माझं वल्हं कसं पडलं, तेही शेजारच्या होडीला ऐकू जाईल असं.

एक दिवस मी सरळ म्हणालो, "दादा, आता घरी बसा. लय झालं."

ते म्हणाले, "ज्या दिवशी माझ्या मडक्यातली मासळी मरंल, त्या दिवशी तू सांगायच्या आधी उतरतो."

त्यांनी स्वतःच अट घातली. मी ती ऐकून ठेवली.

मी तंबाखू खातो. होडीत खायची दादांची बंदी, म्हणून डबी कंबरेला, आतल्या खिशात. डबीच्या एका बाजूला चुना. दोन दिवसांनी सकाळी ते होडीच्या टोकाशी वाकून नांगराचा दगड ओढत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी बोटावर चुना घेतला, सुपारीएवढा, आणि गोणपाटाखालून बोट मडक्यात ढवळलं. पाणी बोटाला लागलं ते गार होतं, इतकं आठवतं.

मासळी आधी वर आली. तोंडं पाण्याबाहेर काढून आ करू लागली. मग एकेक आडवी झाली. दादांनी गोणपाट उचललं. त्यांनी निम्मं पाणी उपसलं, नवं घातलं. पुन्हा उपसलं. एकेक मासळी ओंजळीत घेऊन पाण्यात हलवत राहिले.

"दादा, पाणी कधी बदललं होतं?" मी विचारलं.

"आत्ताच तर."

"विसरला असाल."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आसंल."

एकदा करून भागलं नाही. एकदा म्हणजे योगायोग, असं तेच म्हणाले असते. आठवड्यानं मी पुन्हा केलं. या वेळी काठावर उतरल्यावर सगळ्यांना कळलं. कुणीतरी हसून म्हणालं, "म्हाताऱ्याचा बी हात तापला वाटतं." होडी विकलेला तो शेजारीही तिथंच उभा होता. त्यानं आपली विडी दादांपुढं धरली. आता ओढायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ. दादांनी ती घेतली.

इथंच थांबलो असतो तर मी हे कदाचित लिहिलंच नसतं. होडीतली दादांची जागा मला मिळाली होती, दुसऱ्या दिवशी मेहुणा वल्ह्यावर बसणार होता.

त्या दुपारी मला घरामागं जांभळीच्या सावलीत एक लहान मडकं दिसलं. तोंडाला ओलं गोणपाट. आत सात मासळ्या. दादांनी कुणाला न सांगता आणल्या होत्या आणि स्वतःच्या हातानं मडक्यात सोडल्या होत्या. त्यांना स्वतःचा हात तपासून बघायचा होता. संध्याकाळपर्यंत मासळी जगली असती तर त्यांना कळलं असतं की हात ठीक आहे. मग खोट कुठं आहे, ते त्यांनी शोधलं असतं. ते धरणावर अंघोळीला गेले होते.

मी सात मोजल्या. मग डबी काढली.

ते परत आले तेव्हा मी मागच्या ओट्यावर जाळं सांधत होतो. त्यांनी गोणपाट उचललं, पुन्हा खाली टाकलं. जराशानं माझ्यासमोरून मडकं घेऊन गेले, बांधावर ओतलं आणि रिकामं मडकं पालथं घातलं. मला म्हणाले, "मोटर चांगली हाय बग ती. पोराला सांभाळून वापराय सांग."

सात महिन्यांनी मला मुलगी झाली.

बायकोनं न्हाऊ घालून, दुपट्यात गुंडाळून तिला दादांच्या मांडीवर द्यायला नेलं. त्यांनी दोन्ही हात काखेत घातले. "नको. लांबूनच बगतो." बायकोला वाटलं, मुलगी झाली म्हणून. तिच्या आईला तसंच वाटलं, आळीतल्या बायकांनाही. दादा कधी कुणाला कारण सांगत नसत. मला माहीत होतं. पावसाळ्यात भाताची आवणी आली, तेव्हाही ते बांधावरच बसून राहिले. रोपांच्या जुड्यासुद्धा उचलून दिल्या नाहीत. गाय व्याली तर वासराला पुसायला मला हाक. ज्यात जीव आहे त्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

मुलगी चालायला लागली तशी त्यांच्याकडे धावायची. ते उठून जायचे. एकदा ती अंगणातल्या दगडावर पडली, हनुवटी फुटली. दादा तीन हातांवर बसले होते. ते उठून उभे राहिले, हात पुढं केले, आणि मागं घेतले. मग घराकडे तोंड करून ओरडत राहिले, "आगं ये, पोर पडली, पोर पडली." बायको शेतातून येईपर्यंत मुलगी रक्तानं माखून रडत होती आणि म्हातारा शेजारी उभा राहून रडत होता. बायको त्या दिवशी त्यांना जे बोलली ते मी दारात उभं राहून ऐकलं. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी मुलीला उचललं आणि दवाखान्यात नेलं.

दादा आणखी नऊ वर्षं जगले. दर वर्षी मी ठरवायचो, या वर्षी सांगू. ते गेल्यावर मला हलकं वाटलं, हेही सांगून टाकतो.

आणि माझा हात? तो तापला नाही. मासळी माझ्याकडे छान जगते. मेहुणा दोन वर्षांत कंटाळून निघून गेला, मोटर केव्हाच बिघडली. मी पुन्हा मडकं काढलं. आता काठावर माझाच हात थंड म्हणतात.

गेल्या वर्षी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. तिलाही मुलगीच झाली. सव्वा महिन्याची नात माझ्या मांडीवर होती, मुलगी समोर भाजी निवडत होती. हनुवटीवरचा तो व्रण तिला अजून आहे. सहज म्हणाली, "बरं झालं आजोबा नाहीत. हिलापण हात लावला नसता त्यांनी. मुलीची जात त्यांना नकोच होती."

ती हे लहानपणापासून म्हणत आलीय. मी दर वेळी ऐकून घेतलंय. त्या दिवशी नात माझं बोट घट्ट धरून होती. ते बोट कुठलं, हे माझ्या लक्षात आलं.

मी सांगितलं. मडकं, चुना, जांभळीखालच्या सात मासळ्या, सगळं. ती निवडायची थांबली नाही. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "आईला माहीत आहे?"

"नाही."

"मामाला?"

"नाही. कुणालाच नाही."

"आणि मी पडले होते तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"घरात," मी म्हणालो. "दादांची हाक मला ऐकू आली होती. मला वाटलं, उचलतील. एकदा उचलतील, तर सगळं मिटेल. म्हणून मी थांबलो."

ती उठली. हात पदराला पुसले आणि माझ्या मांडीवरून बाळाला उचललं. माझं बोट बाळाच्या मुठीतून तिला सोडवावं लागलं.

"हिला भूक लागली असेल," ती म्हणाली.

अर्ध्या तासापूर्वीच तिनं पाजलं होतं.