बी आबांचं, जाळ माझा

लग्न होऊन मी घाट उतरले तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निघता निघता माझ्या हातात एक फडकं दिलं. त्यात मूठभर लसूण आणि डांगराच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, दहा-बारा बिया. बाकीच्या पोरींना बाप पाटल्या घालतात आणि मला काय, तर लसूण, म्हणून सासरचं पळसदरी येईपर्यंत मी गाडीत फुगून बसले होते. तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि जरा जास्तच शहाणी होते.

सासरचं शेत डोंगराच्या पायथ्याशी. भात निघालं की जमीन पुढच्या पावसापर्यंत पडून असे. कार्तिकात मी बांधाजवळचा एक तुकडा खणला आणि लसूण टोचायला बसले, तेव्हा सासूबाई हसल्या.

"अगं, घाटावरची लसूण ही. हिला हितं थंडी कुठली? नाय व्हायची."

पण जागा मी आधीच हेरून ठेवली होती. पूर्वेला डोंगर, त्यामुळे तिथं ऊन फार उशिरा पोचे. सकाळी ओढ्याचं पाणी घालायला गेले की मी तिथंच उभी राही. धुक्यात बांध दिसत नसे, गुरं दिसत नसत, गोठ्याच्या छपरावर चढलेल्या, आबांच्याच बियांच्या वेलाची डांगरं तेवढी पिवळसर, अधांतरी तरंगल्यासारखी दिसत. घाटात आगगाडी चढत असे. तिचा आवाज वर वर जात बारीक होई आणि मला वाटे, आता ती माझ्या माहेराजवळ असेल, आता आबा अंगणात घोंगडी पांघरून बसले असतील. मग घोंगडीचा वाससुद्धा येई. पाय दवानं बधिर झाले की मी भानावर येई आणि उरलेलं पाणी घालून घरी जाई.

माघी पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी आबा येत. पण आमच्याकडची रीत अशी की, मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं काही खायचं नाही, पाणीही प्यायचं नाही. ते बांधावर बसत, बांधून आणलेली भाकरी सोडत आणि ओढ्यावर जाऊन पाणी पीत. ओढा काही कुणाचं सासर नव्हे, असं वर म्हणत.

पहिल्या वर्षी त्यांच्यासमोर मी लसूण उपटली, तर गड्डा म्हणून नाही. गोट्यांसारखे गोळे आणि आत एकच पाकळी. मला रडू आलं. आबांनी एक गोळा सोलून हुंगला.

"रडू नगं. हीच फिरून लाव. औंदा तिनं नुसती जागा बघितली."

पुढच्या थंडीत खरंच गड्डे धरले, पाकळ्यांनी भरलेले. माझी कूस मात्र तशीच राहिली. पाच हिवाळे गेले. बायका माझ्याकडे बघून हळहळत, त्याचा मला राग येई. मला खरं दुःख होतं ते वेगळंच. माझ्या हातचा घास आबांच्या पोटात जात नव्हता, आणि आबा थकत चालले होते.

सहाव्या माघात मी घरधन्याला मुद्दाम कर्जतच्या बाजाराला पिटाळलं. शेतात जाळ केला. शेजारी गोठ्यावरचं सगळ्यांत मोठं डांगर आणि कोयता ठेवला. आबा आले, टेकले.

"आबा, अख्ख्या डांगराला बाईनं पहिली चीर द्यायची न्हाई. आन् घरात गडीमाणूस न्हाई."

त्यांनी कोयता उचलला आणि डांगर फोडलं. मी फोडींना लसूण ठेचून चोळली, ओढ्याकाठच्या पळसाच्या पानांत गुंडाळून त्या निखाऱ्यांत सारल्या. धुकं अजून पुरतं हटलं नव्हतं. त्यात लसणीचा वास मिसळला आणि मला क्षणभर माहेरच्या चुलीपाशी बसल्यासारखं वाटलं.

मग मी पान त्यांच्यापुढं ठेवलं आणि महिनाभर घोकलेलं बोलले.

"बी तुमचं, लसूण तुमची, चीर तुमी दिली. पानं रानातली, लाकडं रानातली. माझा यात नुसता जाळ हाय, आबा."

 आबांनी एक फोड उचलली, तोंडापाशी नेली आणि थांबले.

"आन् मीठ?"

मी गारच पडले. मीठ सासरच्या बरणीतलं होतं. एवढा सगळा विचार केला आणि नेमकं तेच डोक्यात आलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. स्वतःचाच राग आला होता.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग घराकडे पाहिलं.

"मिठाचं कुनाला सांगू नगं," ते म्हणाले आणि फोड तोंडात घातली. पानावरचं सगळं त्यांनी संपवलं.

मला पुढंही मूल झालं नाही. पण त्यानंतरच्या माघात आबा धुक्यातून बांधावर आले, तेव्हा त्यांचे दोन्ही हात मोकळे होते. भाकरी त्यांनी आणलीच नव्हती.