दिसत नाही ती बोट

आमचं मालक सावळेराम पेंटर. आमच्या माळशेज घाटाकडं मढपासून ओतूरपर्यंत कुठल्या बी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मोर बगा, त्यो ह्यांनीच काढलेला. रंगवायला बसलं का जेवणाची शुद्ध नाय. हाका मारून माझा घसा बसतो, पर माणूस मनानं लई मऊ.

आमचा ल्योक अमृत मालवाहू बोटीवर नोकरीला लागला आन माझी झोप उडाली. मी जलमात समुद्र पाह्यला नाय. टीव्हीवर तुफान दिसलं का मी टीव्हीच बंद करायची. मालक म्हणाले, "धोंडे, पाह्यला न्हाईस म्हणून भ्या वाटतं. भिंतीवर काढून देतो." आता ह्यांनी तरी कुठं पाह्यला व्हता? पर ऐकतील तर शपथ.

सैपाकघराची भिंत घासून घेतली. खडक झ्याक काढले, आपल्या डोंगराचे, काळेभोर, थरावर थर. पाणी मात्र खडकाच्या डोक्यावरून खाली सोडलं. अमृतनं व्हिडिओ कॉलवर बघितलं आन हसाया लागला. "आबा, ह्यो तर माळशेजचा धबधबा झाला. समुद्राचं पाणी खालून येऊन आपटतं, वर उडतं."

मालक हिरमुसले. मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "वर उडणारं पाणी मी पाह्यलंय की." पावसाळ्यात घाटात वारं सुटलं का कड्यावरची धार उलटी वर येती, सगळं अंग भिजवती. तसंच काढायचं ठरलं.

काळ्यात निळा कालवून खडक वले केले. तळाला हिरवट पाणी. माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी पांढऱ्यात बुडवून फेस टिपला, मग दात घासायचा ब्रश अंगठ्यानं खालून वर झाडला. माझ्या डब्यांवर बी शिंतोडे. मी लई बोलले. आभाळ करडं ठेवलं, कोपऱ्यात जरासा उजेड.

चित्र झालं, मी म्होरं उभी राह्यले आन पदर सावरून दोन पावलं मागं सरले. पाणी खरंच आपटत व्हतं. म्हणले, "एवढं सगळं केलं, माझ्या लेकाची बोट कुठंय? तेवढी काढा की."

मालक ब्रश धूत व्हते. म्हणाले, "अगं येडे, खडकापाशी बोट कशाला आणू? ती लांब, खोल पाण्यात. हितनं दिसत न्हाई, म्हंजे नीट हाय."

त्यानंतर बोट काढा म्हणून मी परत कधी म्हणले नाय.