घुमटाची उरलेली पट्टी

मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, दसऱ्याला घरी येणार असले की आदल्या दिवशी मी दाराच्या चौकटीवरची पितळी पट्टी चिंच लावून घासते. त्यांचं तोंड दिसलं पाहिजे तिच्यात.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. पुढे गणितात एमएस्सी करायचं, एवढंच डोक्यात. त्याच वर्षी वस्तीतल्या विहाराच्या घुमटाला बुडाशी पितळी पट्टी बसवायचं ठरलं आणि मोठ्या बाबांनी काम अंगावर घेतलं. हिंगण्याला त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप. जन्मभर सपाट चकत्या कापलेल्या. मध्यापासून काठापर्यंत मोजायचं, त्याची सहापट आणि वर थोडं, की घेर आला. घुमटावरही तेच. टोकावरून फीत सोडली, वळणावरून बुडापर्यंत आणली आणि तेवढ्यावर घेर काढून मोकळे झाले.

जेवताना मी म्हटलं, "मोठे बाबा, पट्टी लय उरंल. वळणावरून माप जास्त भरते, घेर तेवढा नसते." संत्र्यावर दोरा धरून दाखवलंसुद्धा. त्यांनी ते संत्रं माझ्या हातातून घेतलं, सोललं आणि खाल्लं. मग बाबांना म्हणाले, "इले काहून शिकवून राहिला गा? मोठ्यायले अक्कल शिकवाले लागली. बस झालं कालेज, आता पोरगा पाह्य." भावाचा शब्द बाबांनी कधी मोडला नव्हता. त्यांनी मान हलवली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पट्टी बसवायच्या दिवशी अख्खी वस्ती जमली. घुमटाला पूर्ण वेढा झाला तरी तिसऱ्या हिश्शाहून जास्त पट्टी लोंबत राहिली. "दुसऱ्या विहाराचं माप आणलं का जी?" कोणीतरी विचारलं.

मी गप्प कशाला बसू? याच दिवसासाठी ओढणीत संत्रं बांधून आणलं होतं. सगळ्यांसमोर दोरा धरून, सावकाश, दोनदा समजावलं. मग संत्रं त्यांच्यापुढे धरलं. "हेही खाता का मोठे बाबा? का बाबाले काही सांगता?"

लोक हसले. मोठे बाबा खाली बघून म्हणाले, "जाऊ दे इले कालेजात." बाबांनी पुन्हा तशीच मान हलवली. उरलेली पट्टी मी मागून घेतली.

आज मी कॉलेजात गणित शिकवते. मोठे बाबा दरवर्षी येतात, चौकटीकडे न बघता आत शिरतात. मी संत्र्यांची टोपली पुढे ठेवते.

"नोको वं, दात दुखते."

"खा जी मोठे बाबा," मी म्हणते, "मी सोलून देते."