पाहुण्यांनी वाढलेली पंगत

ऑर्कुटवरच्या मैत्रिणींनो, आत्ताच हॉलवरून आलेय. पाय दुखताहेत, पण आधी हे सांगते.

अफगाणिस्तानातल्या लढाईमुळे घर सोडून दिल्लीत राहणाऱ्या काही बायकांच्या भरतकामाची विक्री आज आमच्या महिला मंडळाने कॉलेज रोडला ठेवली होती. त्या स्वतःही आल्या होत्या. दुपारपर्यंत सगळे दुपट्टे संपले. खरेदीत नाशिककर मागे हटत नाहीत!

हॉलवरच्या जेवणाचं काम माझ्याकडे होतं. पुरी, बटाट्याची भाजी, शिरा. पानं मांडून म्हटलं, "बैठिए." त्यांच्यातली एकही बसेना. पाहुणे जेवल्याशिवाय आम्ही कशा बसणार? सगळ्याच उभ्या, आणि पुऱ्या निवायला लागल्या. मंडळातली शकूमावशी माझ्या कानात म्हणाली, "अगं, उपास असेल त्यांचा."

शेवटी त्यांच्यातली सगळ्यात मोठी, जमीला, पुढे आली आणि तिने माझ्या हातातलं पुऱ्यांचं ताट धरलं. "दीदी, जब से घर छूटा है, हर जगह हम मेहमान हैं. आज आप बैठिए."

मी ताट सोडेना. आग्रहात मला आजवर कोणी हरवलेलं नाही. पण तीही सोडेना. मग मीच बसले, आणि माझ्यामागे मंडळातल्या सगळ्या बसल्या.

शिरा पुरे म्हणून मी पानावर हात आडवा धरला, तर जमीलाने तो बाजूला सारून आणखी वाढला. अगदी मी करते तसंच! नंतर त्या बसल्या आणि आम्ही वाढलं.

मदत करायला आपण सगळ्याच धावतो. पण ज्यांना मदत केली, त्यांच्या हातचं वाढून घ्यायला कधी बसलात का, सांगा बरं?